लोखंडाची सवत

कपडे काय, कुणीही धुईल. लाँड्रीची खरी परीक्षा घडीत असते. आमच्या लाँड्रीत दवाखान्यांच्या चादरी येतात. रोलरच्या पोटातून तापून, सपाट होऊन बाहेर पडतात आणि तिथून थेट आम्हा बायकांच्या हातात येतात. दोघीदोघींच्या. एकटीनं चादरीची घडी घालणं म्हणजे एका हातानं टाळी वाजवणं. समोरासमोर उभं राहायचं, दोन टोकं तिनं, दोन आपण धरायची, ताणायचं, लांबीत दुमडायचं, मग एकमेकींकडे चालत येऊन टोकाला टोक भिडवायचं. जोडी जमली की बोलावं लागत नाही, आणि नाही जमली तर बोलून उपयोग नाही.

माझी जोडी धाकटीशी. धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. एका घरात नांदतो, एका लाँड्रीत राबतो. तिला इथं चिकटवली मीच. अंगानं ताडमाड, माझं डोकं तिच्या खांद्याला लागतं, पण आवाज असा की शेजारच्या माणसानं कान पुढं करावा. दोन वर्षांमागं तिच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. तोंड सावरलं, पाय सावरला, डावा हात मात्र रुसला तो रुसलाच. बोटं मिटतात, धरत नाहीत. मुकादम मला म्हणाला, "मावशी, आता यांचं कसं करायचं?"

मी म्हटलं, "कसं म्हणजे? डावं टोक ती मनगटावर घेईल, बाकीचं मी बघेन. माझी जाऊ आहे ती, रस्त्यावर पडलेली नाही."

तेव्हापासून सगळी घडीची खोली म्हणायची, थोरलीनं धाकटीला तारलं. मी कशाला नको म्हणू? खरं बोलणाऱ्याचं तोंड धरू नये.

आता माझ्या खांद्याचं सांगते. माझा उजवा हात कमरेच्या वर वीतभर जातो, त्यापुढं खांद्यात कुणी सुरी फिरवल्यासारखं होतं. केस विंचरायला मान खाली घालावी लागते. हे मी घरात सांगितलं नव्हतं, लाँड्रीत तर नाहीच. कारण घडीच्या खोलीच्या कोपऱ्यात एक टेबल आहे, मोज्यांचं. दवाखान्यातल्या आजाऱ्यांचे मोजे तिथं जोड्या लावून ठेवायचे. खुर्ची आहे, उशी आहे, खिडकी आहे, बसून काम. वय झालेल्या बाईला मुकादम मोठ्या मायेनं तिथं बसवतो, आणि तिथून उठून पुन्हा घडीला आलेली बाई मी पाहिलेली नाही. तिथून ती थेट घरी जाते. घरी म्हणजे सुनेच्या राज्यात. माझी सून वाईट नाही. पण राज्य तिचं.

तर एका सकाळी मुकादम एका बाईला घेऊन आला. गळ्यात ओळखपत्र, हातात मापाची पट्टी. "या मापवाल्या मॅडम," तो म्हणाला. "कुणाला अधूपण असेल, वय झालं असेल, त्यांना काम सोपं जावं म्हणून कंपनी यंत्रं बसवणार आहे. सुरुवात आपल्या धाकट्या बाईंपासून."

मापवाली धाकटीपाशी गेली. तिचा डावा हात तिनं असा हातात घेतला, जसं काचेचं भांडं घ्यावं. दुखतं का, झोप लागते का, कप धरता येतो का. मी रोज तिचं टोक धरते, मला कुणी कधी झोपेचं विचारलं नाही.

"ताई, चादर कशी धरता ते दाखवा बरं मला."

मी सवयीनं समोर जाऊन उभी राहिले. तसंच असतं ते, ती आणि मी.

"आजी, तुम्ही जरा बाजूला व्हा ना," मापवाली म्हणाली. "मला फक्त ताईंचं बघायचंय."

ती ताई आणि मी आजी. आम्ही दोघी केस एकाच वाटीतून रंगवतो. फरक इतकाच, की त्या महिन्यात वाटीतला रंग तिच्या लांब केसांना पुरला आणि माझ्या वेळी संपला.

मी बाजूला झाले. रोलरवाली, जिला दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय त्याचा वास आधी येतो, ती माझ्याकडे बघून गालात हसत होती. धाकटीनं हवेतच चादर धरली, हवेतच ताणली, दोन पावलं पुढं आली आणि हात खाली आणून पोटाशी थांबवले.

"इतक्या खाली भिडवता?" मापवालीनं विचारलं.

"हो, इथंच."

मापवालीनं तिच्या डाव्या हाताकडे पाहिलं आणि मान डोलावली. "बरोबर आहे. हात वर जात नसेल." जमिनीपासून मनगटापर्यंत पट्टी लावली आणि माप लिहून घेतलं. धाकटी काही बोलली नाही. न बोलणं हा तिचा जुना धंदा.

पुढच्या महिन्यात यंत्र आलं. रुळावर उभा एक लोखंडी खांब, त्याला दोन हात, हातांच्या टोकाला रबरी चिमटे. धाकटीच्या बाजूलाही डावीकडे एक चिमटा, तिच्या रुसलेल्या हाताच्या जागी. पायाशी पेडल. पेडल दाबलं की चिमटे चादर पकडायचे, ताणायचे, आणि खांब मुकाट्यानं चालत येऊन टोकाला टोक भिडवायचा. चहा मागत नाही, उशीर करत नाही, सासरचं काढत नाही.

रोलरवाली लांबूनच म्हणाली, "मोठ्या बाई, सवत आली हो तुमची."

सगळ्या हसल्या. धाकटीही हसली, ओठ मिटून. मला तेच लागलं. बाकीच्या हसतात ते हसू देत, तिनं हसावं?

मी म्हटलं, "माझ्या नवऱ्यानं आणली असती तर सवत. ही तर कंपनीनं आणली. कंपनीनं नांदवावी."

तोंडानं बोलले, पण पोटात कोळसा पडला तो पडलाच. येईल तो त्या यंत्राला बघायला थांबायचा. ऑफिसातली माणसं आली, फोटो काढले. धाकटी मधोमध, खांब तिच्या शेजारी नवरदेवासारखा. फोटोत एका कोपऱ्यात माझं कोपर आलंय. घरी दीर दारातूनच सांगत आला, "वहिनी, ऐकलंत का, हिच्या एकटीच्या चादरी दोघींच्या जोडीइतक्या निघतात म्हणे." आमचे हे पेपरातून तोंड काढून म्हणाले, "यंत्रानं बाईला माणसात आणलं बघा."

"म्हणजे मी इतके दिवस तिला जनावरांत ठेवली होती का?" मी विचारलं. ह्यांनी पेपर पुन्हा तोंडावर घेतला. शहाणा माणूस.

माझी जोडी आता एका नव्या पोरीशी लावली. नाव कशाला, आम्ही तिला लांबडी म्हणतो. हात असे की शिडी न लावता छताची जळमटं काढील. ती चादर धरायची डोक्याशी. "मावशी, जरा वर घ्या ना." मी घ्यायची पोटाशी. तिची टोकं वर, माझी खाली, मधल्या मध्ये चादर तिरकी. भिडवायच्या वेळी ती उभीच, माझ्या हाताची वाट बघत. आणि माझा हात आपल्या जागी, तिची वाट बघत. ढीग रचला की कलायचा. मी म्हणायची, पोरीला वळण नाही. आणि मान तिरकी करून बघायची, की धाकटी त्या लोखंडी बयेबरोबर कशी खाली-वर करते आहे. माझ्याशी जमलं तसंच जमलं होतं तिचं. बोलावं लागत नव्हतं.

कललेले ढीग मुकादमानं पाहिले. माझ्याजवळ येऊन आवाज खाली केला. मुकादमानं आवाज खाली केला की समजावं, आपली चादर फाटली.

"मावशी, सोमवारपासून तुम्ही मोज्यांच्या टेबलावर बसा. खूप उभ्या राहिलात."

"पोरीला आधी सरळ धरायला शिकवा," मी म्हटलं.

"पोर सगळ्यांशी सरळ धरते, मावशी."

मी टेबलाकडे पाहिलं. उशीच्या अभ्र्याचं कापडसुद्धा नवं घातलं होतं मेल्यानं.

त्या संध्याकाळी धाकटी स्वयंपाकघरात उंबऱ्यावर बसली ती उठेना. सून तिच्या कमरेला गरम पाण्याची पिशवी लावत होती. मी भाजी चिरत होते. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात गारवा पसरला.

"काय गं, माणसात आणलं ना यंत्रानं? मग पाठ का जनावरासारखी झालीय?"

"थोडी भरलीय," ती म्हणाली.

"खांब आणून उभा करायचा आणि त्याला माणूस म्हणायचं. पाठ मोडणार नाही तर काय होईल? मी समोर असताना कधी धरली होती पाठ?"

"नव्हती धरली," ती म्हणाली.

सून मध्येच बोलली, "काकी, चिमटे खाली बसवलेत का? तुमची उंची बघता वर हवेत. सांगा की त्या मॅडमना, करून देतील वर."

धाकटीनं पिशवी सरळ केली. "होईल सवय. नको सांगायला."

"का नको?"

"नको म्हणते ना."

धाकटी आवाज चढवत नाही. त्या दिवशी जेवढा चढला तेवढा मी तिच्या लग्नापासून ऐकला नव्हता. मी मनात म्हटलं, बघा, लाड सुटत नाही. पाठ गेली तरी चालेल, पण खांब हवा.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळ्या डबे घेऊन बाहेर गेल्या. मी म्हटलं, आज हिची खोड काढायचीच. कुठं काय चुकतं ते बघायचं आणि मुकादमाला चारचौघांत सांगायचं, की तुमच्या या सुंदरीपेक्षा माणसाची जोडी बरी. सोमवार आला नव्हता अजून.

मी ढिगातली एक चादर घेतली, यंत्रासमोर उभी राहिले, टोकं चिमट्यांत दिली आणि पेडल दाबलं. चिमट्यांनी चादर ताणली. खांब निघाला. मी खांदा आवळून घेतला, सुरी फिरायची वाट बघत.

सुरी फिरली नाही. खांब माझ्यापाशी आला आणि टोकं माझ्या हातात दिली, बरोब्बर तिथं, जिथं माझा हात थांबतो. ना बोटभर वर, ना बोटभर खाली. मी आणखी एक चादर लावली. मग आणखी एक. शिंप्यानं अंगावर माप घेऊन शिवलेला कपडा बसतो तसं ते यंत्र मला बसलं होतं. घडी अशी सरळ, की माझीच मला नजर लागावी.

आणि मग मला राग आला. कारण माझं माप कुणी घेतलंच नव्हतं. मला तर बाजूला व्हायला सांगितलं होतं.

मागं वळून बघितलं तर धाकटी दारात उभी. हातात माझा डबा, मी विसरले म्हणून आणलेला.

"हे माझं माप यात कसं आलं?" मी विचारलं.

ती हातातल्या डब्याकडे बघू लागली.

"मी विचारतेय काहीतरी."

"तुमचा हात इथं थांबायचा," ती हळूच म्हणाली. "मग मीही इथंच भिडवायची. शेवटी एकदा जरा वाकायचं, बस. सवय लागली, जाऊबाई. त्या बाईंनी धरून दाखवा म्हटलं, तर हात आपोआप तिथंच गेला. यंत्र बसल्यावर माझ्या लक्षात आलं."

"तुला खांद्याचं ठाऊक होतं."

"समोर उभी राहत होते ना मी."

बघा आता. मी सगळ्या खोलीला सांगत फिरत होते की धाकटीला मी धरून ठेवलीय, आणि ही ताडमाड बाई दर चादरीला माझ्यापुढं वाकत होती, नमस्कार केल्यासारखी. मला वाटायचं ती सावकाश आहे.

"म्हणजे उपकार तुझे झाले की."

"उपकार कसले? माझं दुसरं टोक कोण धरत होतं?"

"आणि चिमटे वर करून का घेत नाहीस? पाठ मोडून घ्यायची हौस आहे?"

तिनं डबा टेबलावर ठेवला. ठेवला तोही मोज्यांच्या टेबलावर, मग चटकन उचलून घेतला. "वर करायला सांगितलं तर मॅडम विचारतील, आधी खाली का दाखवलंत. मला खोटं बोलता येत नाही. खरं बोलले असते तर मुकादमानं तुम्हाला त्याच दिवशी इथं बसवलं असतं."

"आता बसवतोच आहे सोमवारी."

"म्हणून काल लांबडीला म्हटलं, जरा खाली धर गं. ती म्हणाली, माझी पाठ दुखते."

त्या पोरीची पाठ. या बाईला आपल्या पाठीचं काही नाही आणि त्या पोरीची मात्र पाठ. मला हसू आलं आणि रडूही, पण दोन्ही मी आत ठेवलं. डबा उघडला, तिला अर्धा दिला. ती नको म्हणाली, मी म्हटलं खा मुकाट्यानं. खाताना मी त्या खांबाकडे बघत होते. माझ्यापुढं ती चादरीमागं एकदाच वाकायची, त्याच्यापुढं दिवसभर; तिची पाठ तो खात होता, आणि तो मिंधा होता माझ्या खांद्याचा. हे असं चालू दिलं तर आणखी एका वर्षात आम्ही दोघी घरी, खांब तेवढा कामावर.

सुट्टी संपली. नेमकी त्याच दिवशी मापवाली यंत्र कसं चाललंय ते बघायला आली होती. धाकटीला विचारत होती, "कसं वाटतं, ताई?" धाकटी तोंड भरून "छान" म्हणणार तोच मी पुढं झाले.

"छान नाही. हिची पाठ गेलीय. तुमचं माप चुकलं."

मापवालीनं वही उघडली. "नाही हो आजी, मी स्वतः मोजलंय."

"मोजलंत ते हिच्या अंगावर. माप माझं आहे."

मग मी सगळ्यांसमोर उजवा हात वर केला. जिथवर जातो तिथवर. रोलरवालीनं रोलर थांबवला. लांबडी बघत होती, मुकादम बघत होता. हात पोटाशी येऊन थांबला आणि मी तो तसाच धरून ठेवला, थोडा वेळ, सगळ्यांची नजर भरेपर्यंत. त्यानंतर चिमट्याला लावून दाखवला. मनगट आणि चिमटा एका रेषेत.

मापवाली गोरीमोरी झाली. "आजी, हे आधी का नाही सांगितलंत? मी त्याच्यासाठीच तर येते."

"तुम्ही मला बाजूला व्हायला सांगितलंत," मी म्हटलं.

तिनं वही मिटली. वाईट नव्हती बाई, लाजली बिचारी. मुकादमाकडे वळून म्हणाली, "हे यंत्र आहे त्या उंचीला यांना द्या. ताईंसाठी दुसरं मागवते."

मुकादम डोकं खाजवत म्हणाला, "पण मी मावशींना बसून काम…"

"त्या उशीवर तुम्ही बसा," मी म्हटलं. "दिवसभर उभे असता, दमत असाल."

दुसरं यंत्र येईपर्यंत वाटणी झाली. खांबाला उंचीची एक मूठ होती, मापवालीनं फिरवायला शिकवली. सकाळी यंत्र माझं, खाली. दुपारी धाकटीचं, वर. तिची पाठ हळूहळू सुटली. दुपारी मी मोज्यांच्या टेबलावर बसत होते, पण पाहुणी म्हणून. पिशवीसुद्धा तिथं ठेवली नाही. सकाळी धाकटीची जोडी लांबडीशी. ही उंच, ती उंच, त्यांचं जमलं. जरा जास्तच जमलं. लांबडी तिला काहीतरी सांगायची आणि धाकटी खुदकन हसायची. माझ्यासमोर इतकी वर्षं उभी राहिली, तोंड उघडून हसली नव्हती कधी. मी रोलरवालीला म्हटलं, तर ती म्हणते, "मोठ्या बाई, एक सवत पचली नाही तोच दुसरी?"

दुसरं यंत्र आलं, ते नव्या पद्धतीचं. त्याला हिरवा दिवा आहे. चादर नीट लागली की लागतो. माझ्याला दिवा नाही. मी मापवालीला विचारलं, ती म्हणाली, आजी, दिव्याचं काही काम नाही हो. काम नाही तर तिच्याला कशाला लावला? पण असू दे. माझं यंत्र जुनं असलं तरी माझं आहे. कुणी सहज पेडलवर पाय ठेवला तरी मला इथून कळतं. परवा धाकटीनं पुसायला घेतलं, तर मी म्हटलं, "तुझं तू पूस. हिच्याशी भांडायचं असो की हिला पुसायचं असो, ते मीच करीन."

ऑपरेशनची मोठी हिरवी कापडं तेवढी चिमट्यांत मावत नाहीत. ती अजून दोघींनीच घडी करायची असतात, आणि ती आम्ही कुणाला देत नाही. मापवालीनं त्यासाठी मला एक फूटभर उंच, रबर लावलेली फळी दिलीय, तिच्यावर उभं राहायचं, म्हणजे माझा हात आपल्या जागी राहतो आणि धाकटीला वाकावं लागत नाही. इतकी साधी गोष्ट. ती समोरून येते, टोकाला टोक भिडतं, आणि पहिल्यांदाच आमची नजर एका पातळीत येते.

एका पातळीत म्हणजे, मापवालीच्या हिशोबानं. फळीखाली मी खोक्याचा एक जाड पुठ्ठा घातलाय. बोटभर उंच मीच आहे.